अर्ध्या कामाचे दिवस

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें, भाऊ अथवा जांवई शहरांतील कारखान्यांत कामास आहेत, त्यांस हें ठाऊकच आहे कीं कारखाना बहुधा एका दिवसांत बंद पडत नाहीं. आधीं जादा तास बंद होतात. मग एक पाळी बंद होते. मग आठवड्याचे सहा दिवस पांचांवर, चारांवर, तीनांवर येतात. माणूस कामावरून काढलेला नसतो, आणि पुरता कामावरही नसतो. अशा स्थितींत तो गांवीं आला म्हणजे त्यास दोन प्रकारचीं माणसें भेटतात. कांहीं म्हणतात, 'बरें झालें, जिवाला विसावा मिळाला.' कांहीं म्हणतात, 'रिकामा बसूं नकोस, वेळेचा सदुपयोग कर.' दोन्हीं बोलणीं सदिच्छेचीं असतात. तथापि दोन्हीं ऐकून त्याचें मन दुखतें. तें कां दुखतें हें समजून घेतल्यावांचून त्यास उपदेश करण्याचा अधिकार आपणांस येत नाहीं असें आम्हांस वाटतें.

जे तास मालकानें विकत घेण्याचें नाकारलें ते तास कोणाचे, असा हा मूळ प्रश्न आहे. वरवर पाहतां उत्तर सोपें दिसतें. काल ते कारखान्याचे होते, आज ते मजुरास परत मिळाले. परंतु बाजारांत न खपलेली भाजी माळीण संध्याकाळीं डोकीवर घेऊन घरीं आणते, तेव्हां ती भाजी तिचीच असली तरी 'आज तुला पाटीभर भाजी मिळाली' असें तिला कोणी म्हणत नाहीं. न खपलेल्या तासांचें तसेंच आहे. आणि भाजी निदान रात्रीं शिजवितां तरी येते.

आमच्या ओळखीचा एक तरुण आहे. त्याचें गांव पन्हाळ्याच्या बाजूस, आणि काम कोल्हापुराजवळच्या एका ओतशाळेंत, वाळूचे सांचे दाबण्याचें. तेथें मोटारींना लागणारे लोखंडी भाग ओतले जात. सन २०१९ सालीं आपल्या देशांत मोटारींचा खप फार घटला. त्या वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत प्रवासी मोटारींची विक्री आदल्या वर्षाच्या त्याच महिन्याहून सुमारें ३१ टक्क्यांनीं उतरली होती. मोठमोठ्या कारखान्यांनीं उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर केले. मोठ्यांस शिंक आली कीं त्यांना माल पुरविणाऱ्या लहानांस ताप भरतो. त्याच महिन्यांत पंचगंगेस महापूर आला तो वेगळाच. पूर ओसरल्यावर ओतशाळा सुरू झाली, परंतु भट्टी आठवड्यांतून तीनच दिवस पेटूं लागली. ते तीन दिवस कोणते हें आधीं ठरलेलें नसे. आदल्या संध्याकाळीं, कधीं कधीं त्याच दिवशीं पहाटे, सुपरवायझरचा फोन येई. फोनवर जो हजर त्याला पाळी. जो उचलणार नाहीं त्याच्याऐवजीं दुसऱ्यास. हा तरुण कंत्राटावरचा, तेव्हां तक्रार कोणापाशीं करणार?

त्याच्या घरचा ओढ्याकाठीं एक तुकडा आहे. पुरानें त्याचा बांध फुटून माती वाहून गेली होती. दोन माणसांनीं आठ-दहा दिवस राबावें एवढें काम. आठवड्यांतून चार दिवस घरीं असलेल्या धट्ट्याकट्ट्या माणसास तें सहज होण्यासारखें होतें. दसरा गेला, दिवाळी गेली, बांध तसाच. शेजारीपाजारी बोलूं लागले. आम्हींही त्यास एकदां जरा कठोरपणानेंच विचारलें. तो म्हणाला, 'मास्तर, काम नाहीं याचें मला इतकें वाटत नाहीं. पण फोन केव्हां वाजेल याचा नेम नाहीं, आणि ओढ्याकाठीं रेंज नाहीं. म्हणून मी ओट्यावर बसतों.'

आम्हांस तेव्हां आपल्या प्रश्नाची लाज वाटली. दहा वर्षांत एकही पाळी न चुकविलेल्या माणसास आम्ही आळशी समजत होतों. तो आळस करीत नव्हता, तो ताटकळत होता. आळशी माणूस आपल्या वेळेचा मालक असतो आणि ती मालमत्ता उधळतो. ताटकळणारा माणूस दुसऱ्याच्या दाराशीं उभा असतो. दिवसभर तो कांहींच करीत नाहीं, आणि संध्याकाळीं नांगर धरल्यासारखा थकतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यांतील जे मजूर दिवस मावळण्याच्या बेतास येईपर्यंत बाजारांत उभे होते, त्यांच्याविषयीं आपण पुष्कळदां ऐकतों. पण आपलें लक्ष शेवटीं मिळालेल्या मजुरीकडे असतें. ते तेथेंच कां उभे राहिले हें कोणी विचारीत नाहीं. ते तेथून हालले असते तर त्यांस कोणी कामास लावलेंच नसतें. उभें राहणें हेंच त्यांचें त्या दिवसाचें काम होतें, आणि त्या कामाची मजुरी कोणी ठरविली नव्हती.

रिकामा वेळ मिळाला म्हणजे मनुष्य आपोआप वाचूं, शिकूं, घर नीट करूं लागेल ही समजूत पुष्कळ शहाण्या लोकांचीही आहे. ती खरी किती याची परीक्षा एका गांवीं झालेली आहे. ऑस्ट्रिया देशांत व्हिएन्ना शहराजवळ मारिएन्टाल नांवाचें गांव आहे. तेथील सर्व गांव एका कापडाच्या कारखान्यावर जगत असे. जागतिक मंदींत, १९३० सालच्या आरंभापर्यंत, तो कारखाना पुरता बंद झाला. गांवची वस्ती दीड हजारांच्या आंत. तीनचतुर्थांशांहून अधिक कुटुंबांत कामावर जाणारें कोणी उरलें नाहीं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्सायझेल या अभ्यासकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३१ व १९३२ या वर्षांत तेथें जाऊन लोकांच्या दिवसाची बारीक चौकशी केली आणि १९३३ सालीं ती छापली. ही हकीकत पुरत्या बेकारीची आहे, अर्ध्या कामाची नाहीं. परंतु आपल्या प्रश्नावर तिच्यानें जो उजेड पडतो तो दुसऱ्या कशानें पडलेला आम्हांस ठाऊक नाहीं.

गांवांत मजुरांचें एक वाचनालय होतें. कारखाना बंद झाल्यावर त्याची वर्गणी माफ करण्यांत आली. लोकांपाशीं वेळच वेळ, पुस्तकें फुकट. तरी दोन वर्षांत वाचावयास नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. अभ्यासकांनीं एका खिडकींत बसून रस्त्यानें जाणारीं माणसें मोजलीं. पुरुष सावकाश चालत, मध्येंच थांबत, पुन्हां चालत, पुन्हां थांबत. ज्यांस कोठें जाण्याची घाई नाहीं त्यांचीं पावलें जड झालीं होतीं. काल दिवसभर काय केलें असें विचारलें असतां पुरुषांस नीट सांगतां येईना. सकाळीं उठलों, दुपारीं जेवलों, रात्रीं निजलों, एवढ्याच खुणा त्यांच्या लक्षांत राहिल्या होत्या.

बायकांची गोष्ट निराळी होती, आणि या साऱ्या हकीकतींत आम्हांस तीच अत्यंत महत्त्वाची वाटते. त्याच गांवांत, त्याच उपासमारींत, बायका पुरुषांपेक्षां झपाट्यानें चालत आणि क्वचित् थांबत. त्यांचाही कारखाना गेला होता. त्यांपैकीं पुष्कळजणी पूर्वीं तेथेंच कामास होत्या. परंतु दुपारीं मुलें शाळेंतून येणार, त्यांच्यापुढें कांहीं तरी वाढलें पाहिजे; फाटलेला सदरा उद्यां सकाळपर्यंत शिवून तयार पाहिजे. त्यांच्या वेळेला वाट पाहणारा कोणी होता. पुरुषांच्या वेळेची वाट कोणीच पाहत नव्हतें. फरक त्यांच्या स्वभावांत किंवा शिक्षणांत शोधण्याचें कारण नाहीं, तो येथें आहे.

आतां याच्या उलट गोष्ट पाहा. त्याच मंदीच्या काळीं, १ डिसेंबर १९३० पासून, अमेरिकेंत मिशिगन प्रांतांतील बॅटल क्रीक शहरीं केलॉग नांवाच्या गृहस्थानें आपल्या धान्याच्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत आठ तासांच्या तीन पाळ्या मोडून सहा तासांच्या चार पाळ्या केल्या. हेतु हा कीं कोणास न काढतां उलट आणखी कुटुंबांस काम देतां यावें. तासाची मजुरी साडेबारा टक्क्यांनीं वाढविली. हिशेब केला तर पूर्वींच्या रुपयाच्या ठिकाणीं सुमारें चौऱ्यायशी पैसे हातीं आले. म्हणजे मिळकत कमीच झाली. तरी पुष्कळांनीं ही व्यवस्था आवडीनें स्वीकारली. घराच्या मागें भाजी लावणें, फळें मुरवून ठेवणें, मुलांबरोबर राहणें, शेजाऱ्याच्या मदतीस जाणें, खेळणें, वाचणें यांत ते दोन तास जात. पुढें महायुद्धानंतर कारखान्याच्या पुष्कळ विभागांनीं जास्त मजुरीसाठीं आठ तास पुन्हां मागून घेतले. परंतु कांहीं विभागांनीं, विशेषतः जेथें स्त्रिया काम करीत त्यांनीं, सहा तासांचा दिवस सोडला नाहीं, आणि तो १९८५ सालापर्यंत चालला.

मारिएन्टालच्या माणसांहून बॅटल क्रीकचीं माणसें अधिक सद्गुणी होतीं असें मानण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं. त्यांचें पोट भरत होतें हा एक मोठा भेद आहे. तो लपवून उपदेश करणें अप्रामाणिकपणाचें होईल. दुसरा भेद असा कीं त्यांस आपली वेळ ठाऊक होती. पाळी सुटली कीं सुटली. दुसऱ्या दिवशीं त्याच ठोक्यास सुरू होणार. त्या दोन तासांत फोन येणार नव्हता. त्यामुळें ते तास खरोखर त्यांच्या हातांत पडले.

आपल्या देशांतील कायद्यानें या गोष्टीचा विचार कसा केला तेंही सांगण्याजोगें आहे. औद्योगिक कलहांच्या १९४७ च्या कायद्यास १९५३ सालीं जोड देण्यांत आली, ती अशी कीं पन्नास किंवा अधिक मजुरांच्या कारखान्यांत मालकास काम देतां आलें नाहीं, तर एक वर्ष सलग नोकरी झालेल्या मजुरास त्या दिवसाच्या मूळ पगाराचा व महागाईभत्त्याचा अर्धा भाग द्यावा. पूर्वीं कांहींच नव्हतें, त्या मानानें ही मोठी दया होती. पण तींत एक अट होती. मजुरानें नेमलेल्या वेळीं दिवसांतून निदान एकदां कारखान्याच्या दाराशीं हजर झालें पाहिजे; न झाल्यास अर्धा पगारही नाहीं. अटीचा हेतु समजतो. परंतु ज्याचें गांव दहा कोस दूर त्याचा सारा दिवस फाटकाशीं एकदां तोंड दाखविण्यांत जाई. बदलीवाल्यास तर हा लाभ नव्हताच. म्हणजे कायद्यानेंही अर्धी भाकर दिली, पण माणसाला बाजारांत उभें ठेवलें तें ठेवलेंच. जर्मनींत अशा अर्ध्या कामाची निराळी व्यवस्था आहे: तास कमी झाले तर बुडालेल्या निव्वळ मजुरीचे साठ टक्के, आणि मूल असल्यास सदुसष्ट टक्के, सरकारी विम्यांतून मिळतात. २०२० सालच्या एप्रिल महिन्यांत सुमारें साठ लक्ष माणसें त्या व्यवस्थेवर होतीं. किती मिळणार हें आधीं कळतें, हीच त्यांतील मोठी गोष्ट आहे.

आमच्यांतील वयस्कर वाचकांस १९८२ चा मुंबईच्या गिरण्यांचा संप आठवत असेल. तोही अर्ध्या कामाचा प्रसंग नव्हे. पण ताटकळण्याचा एवढा मोठा प्रसंग या प्रांतानें दुसरा क्वचितच पाहिला असेल. १८ जानेवारीस सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. पुष्कळजण कोंकणांत व घाटावर आपापल्या गांवीं आले. आतां मिटेल, मग मिटेल असें म्हणतां वर्ष उलटून गेलें. ज्यांनीं लावणीच्या वेळीं चिखलांत पाय घातले त्यांचा पावसाळा निघाला. जे रोज एस. टी. थांब्यावर वर्तमानपत्राची वाट पाहत बसले त्यांचा दिवस वर्तमानपत्र येईपर्यंत कामाचा नव्हता, आणि आल्यावर बोलण्यांत संपे. त्यांस कोणी दोष देऊं नये. आशा ही कामाहून जास्त शक्ति खाते.

मग अनिश्चितपणा हटत नसेल तर मजुरानें करावें काय? 'वेळापत्रक आंखून भिंतीवर लावा' असा सल्ला आम्हीं पूर्वीं पुष्कळांस दिला, आणि तीं वेळापत्रकें भिंतीवर पिवळीं पडलेलीं पाहिलीं. स्वतःला दिलेलें वचन मोडणें फार सोपें असतें. मोडल्याचें कोणास कळतही नाहीं. मारिएन्टालच्या बायकांपासून आम्ही जें शिकलों तें असें कीं मोकळा तास एखाद्या हेतूला बांधून टिकत नाहीं, माणसाला बांधला तर टिकतो. आपण न गेल्यास ज्याचें कांहीं अडेल असा एक तरी मनुष्य त्या तासाच्या टोकाशीं बसलेला पाहिजे. अनिश्चित दिवसांत तेवढी एक लहानशी निश्चितता मजुरास स्वतः उभी करतां येते. बाकीची त्याच्या हातांत नाहीं.

वर ज्या तरुणाची गोष्ट सांगितली त्याच्या बाबतींत हें आमच्या युक्तीनें घडलें नाहीं. त्याच्या पुतण्याला सातवींत व्यवहारी अपूर्णांक जमेनात. एका संध्याकाळीं ओट्यावर बसल्याबसल्या त्यानें तीं उदाहरणें सोडवून दाखविलीं. ओतशाळेंत वाळू व चिकणमाती यांचें प्रमाण रोज पाहणाऱ्यास अपूर्णांक बोटांवर असतात. दुसऱ्या दिवशीं पुतण्या दोन सोबती घेऊन आला. आठवड्यांत पांच मुलें झालीं. सात वाजले कीं तीं पाट्या-वह्या घेऊन ओट्यावर येऊन बसत, याचें मन असो वा नसो. तो आम्हांस म्हणाला, 'मास्तर, सात वाजायच्या आंत मला आंघोळ करून कपडे बदलावे लागतात. नाहीं तर पोरें हसतात.' पूर्वीं तो दुपारीं दाढी करण्याचेंही टाळीत असे. सातच्या त्या एका तासानें त्याच्या सबंध दिवसाला टोंक आणलें: सहापर्यंत हें, साडेसहापर्यंत तें.

एके दिवशीं साडेसहा वाजतां फोन वाजला. रात्रपाळीस ताबडतोब निघावयाचें. मुलें निघालेलीं. आतां वचन मोठें कीं पाळी मोठी? तो पाळीस गेला. आम्हांस विचारलें असतें तर आम्हींही त्यास जा असेंच सांगितलें असतें. घरांत तीन महिन्यांचे हप्ते थकले होते. परंतु जातांना त्यानें बहिणीला ओट्यावर बसविलें, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलांस सांगून ठेवलें कीं मी नसलों तर आत्या शिकवील. वचनाला असा जामीन मिळाला म्हणजे पाळी आली तरी तें मोडत नाहीं. बहीण त्याच्याहून बरें शिकविते असें मुलांचें मत पडलें, तें त्यास फारसें रुचलें नाहीं.

येथें मंडळ्यांतील वडील माणसांस व उपदेशकबंधूंस दोन शब्द बोलणें भाग आहे. अर्ध्या कामावर आलेल्या माणसास 'अजून घरींच?' असें विचारणें सोडून द्यावें. त्याला पोट भरण्यासाठीं दुसरी मजुरी मिळत असेल, तर ती त्यानें आधीं धरावी, पुस्तक नंतर. ज्याच्या घरीं हप्ता मागणारा दारांत उभा आहे त्यास वाचनाचे फायदे सांगणें हें उपदेशाचें काम नव्हे. आणि दुसऱ्या टोकाचीही एक चूक आमच्या खेड्यांतून होते. माणूस रिकामा दिसला कीं उपासनामंदिराला चुना लावणें, पाटलाचा मांडव घालणें, कोणाचें सामान वाहणें, अशीं सारीं फुकट कामें त्याच्या गळ्यांत पडतात, आणि त्यास नाहीं म्हणण्याची सोय राहत नाहीं. कारखान्यानें जो तास विकत घेतला नाहीं तो गांवानें फुकट घ्यावा हा न्याय नव्हे. त्याला काम सांगावयाचें तर वार व वेळ ठरवून सांगावें, देतां येईल तेवढें द्यावें, आणि पाळी आली तर तो जाईल हें आधींच मान्य करावें.

मालकांपैकीं कोणी हें वाचील असें नाहीं. वाचलेंच तर त्यांस एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं, तीन दिवसांचें काम चार दिवसांचें करणें आपल्या हातीं नसेल. परंतु ते तीन दिवस कोणते हें शनिवारीं सांगण्यास काय खर्च येतो? कच्चा माल व मागणी यांचा हिशेब कारखान्यांत आठवडाभर आधीं झालेला पुष्कळदां असतो. तो एक कागद फाटकावर लावला तर शंभर माणसांचे चार चार दिवस त्यांचे त्यांना परत मिळतील. तो कागद न लावणें ही आम्ही एक प्रकारची चोरी समजतों, मग ती कोणत्याही कायद्यांत लिहिलेली नसो.

सन २०२० च्या मार्च महिन्यांत साथीमुळें सारा देश बंद झाला आणि ती ओतशाळाही बंद झाली. २५ मार्चपासून एकवीस दिवस कोणी बाहेर पडावयाचें नाहीं असा हुकूम होता. शेतीच्या कामास मात्र पुढें मोकळीक होती. शाळा मिटल्या, ओट्यावरची शिकवणीही थांबली. मजुरी तर एक पैशाची येत नव्हती. त्या तरुणानें दुसऱ्या आठवड्यांत कुदळ व पाटी घेतली आणि ओढ्याकाठीं गेला. बारा दिवसांत बांध उभा केला, बहिणीनें व आईनें माती वाहिली. आम्हीं पुढें त्यास विचारलें, 'आतां कसा झाला?' तो म्हणाला, 'आतां फोन येणार नाहीं हें पक्कें ठाऊक होतें, मास्तर. तो घरींच ठेवून गेलों.'